घटक ४ : नागरीकरण, फरसबंद भूमी आणि पाणलोटातील पूर

४.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर शहरांची वाढ आणि नद्यांचे पूर यांचा संबंध आपल्याला शास्त्रीय पायावर समजावून सांगता येईल. त्यासाठी मराठीत रूढ असलेल्या संज्ञांचा नेमका अर्थ आपण पाहणार आहोत. वर्तमानपत्रातील पुराच्या बातमीची भाषा कोठे नेमकी असते आणि कोठे सैल होते, हेही आपल्या ध्यानात येईल. हा भूगोलाचा घटक मराठीच्या अभ्यासक्रमात कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडेल. शास्त्रीय विषयावर मराठीत विचार करणे आणि लिहिणे हे मराठीच्या पदवीधराचे काम आहे, असे या अभ्यासक्रमात गृहीत धरले आहे. शिवाय हा विषय आपल्या दारापर्यंत आलेला आहे.

४.१ प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्यात आषाढ-श्रावणात दोन माणसे भेटली की पीकपाण्याच्या आधी विचारणा होते, "बंधाऱ्यावर किती फूट?" हा बंधारा म्हणजे पंचगंगेवरील राजाराम बंधारा. तेथे पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. हे दोन आकडे जिल्ह्यातील शाळकरी मुलालाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ही पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली आणि २०२१ च्या जुलैमध्ये ती ५६ फुटांच्या आसपास पोहोचली. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद पडली.

या दोन महापुरांनंतर गावोगावी एक वाक्य ऐकू येऊ लागले : "सगळं काँक्रीट करून टाकलं, मग पूर येणार नाही तर काय होणार?" वाक्य सोपे आहे, कळकळीचे आहे आणि अर्धे खरे आहे. त्यातील खरा अर्धा भाग कोणता आणि दुसऱ्या अर्ध्या भागात काय राहून जाते, हे पाहणे हा या घटकाचा मुख्य हेतू आहे. उत्तर चुकले तर उपायही चुकीच्या जागी केला जातो, म्हणून ही फोड आवश्यक आहे.

४.२ 'पाणलोट' या संज्ञेचा अर्थ

ज्या भूभागावर पडलेले पाणी वाहत येऊन एका प्रवाहाला मिळते, तो भूभाग म्हणजे त्या प्रवाहाचे पाणलोट क्षेत्र. 'पाणी' आणि 'लोट' ही या शब्दाची उघड फोड आहे. पाणी ज्या बाजूला लोटते, ती बाजू असा अर्थ त्यात सामावलेला आहे. हा शब्द तज्ज्ञांनी बसून घडवल्यासारखा वाटत नाही. उताराकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या नजरेतून तो आलेला दिसतो. आपल्या शेताचे पाणी कोणत्या बांधाकडे लोटते हे ज्याला ठाऊक असते, त्याला पाणलोटाची कल्पना निराळी शिकवावी लागत नाही.

पाणलोट क्षेत्राला लहानमोठेपणा असतो. एखाद्या ओघळीचे पाणलोट दहा गुंठ्यांचे असेल, ओढ्याचे दोन-चार गावांचे, नदीचे कित्येक तालुक्यांचे. लहान पाणलोट मोठ्याच्या पोटात असते. बिद्रीसारख्या गावाचे पाणी दूधगंगेच्या खोऱ्यात जाते. दूधगंगा आणि वेदगंगा सह्याद्रीत उगम पावतात, पुढे एकत्र येतात आणि कृष्णेला मिळतात. बिद्रीच्या साखर कारखान्याने याच दोन नद्यांची नावे धारण केली आहेत. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीजवळ पंचगंगेत एकवटते (पाचवी सरस्वती परंपरेने गुप्त मानली जाते) आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. म्हणजे या सर्व नद्या शेवटी कृष्णेच्या एकाच विशाल पाणलोटाच्या घटक आहेत.

हा लहानमोठेपणा विद्यार्थ्यांनी मनात पक्का ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे.

४.३ मुरणे, जिरणे आणि धावणे

पावसाचे पाणी जमिनीवर पडल्यावर त्याच्यापुढे तीन वाटा असतात. काही पाणी पानांवर, खळग्यांत अडकून वाफ होऊन जाते. काही जमिनीत शिरते. उरलेले उताराने वाहू लागते. त्याला शास्त्रीय मराठीत 'अपधाव' म्हणतात. जमिनीत शिरण्याच्या क्रियेसाठी मराठीत 'मुरणे' आणि 'जिरणे' ही दोन सुंदर क्रियापदे आहेत. लोणचे मुरते आणि अन्न जिरते. दोन्ही क्रियांना वेळ लागतो. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा महाराष्ट्रभर रुजली, याचे श्रेय बऱ्याच अंशी 'जिरवा' या एका क्रियापदाला द्यावे लागेल.

माळरानावर किंवा शेतात जमिनीला सच्छिद्रता असते. मुळांनी, गांडुळांनी, भेगांनी केलेल्या वाटांनी पाणी आत उतरते आणि पुढे काही दिवस-आठवडे झिरपत ओढ्याला येऊन मिळते. त्याच जमिनीवर डांबर, सिमेंट किंवा फरशी घातली की या वाटा बंद होतात. हिशेब घरगुती आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ५,००० लिटर पाणी पडते. एका एकरावर हेच पाणी दोन लाख लिटर होते, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. जमीन मोकळी आणि कोरडी असेल तर त्यातले बरेचसे टँकर तेथेच रिकामे होतात. एकराचे प्लॉट पाडून रस्ते, घरे आणि फरसबंद अंगणे झाली की जवळजवळ सगळे टँकर खालच्या माणसाच्या दारात जातात.

मुरण्याचे प्रमाण घटणे हा झाला एक परिणाम. दुसरा परिणाम वेगाचा आहे आणि तो अधिक घातक आहे. गवतातून, सरीतून, बांधाला वळसे घालत जाणारे पाणी रेंगाळते. पत्र्यावरून पन्हळीत, पन्हळीतून गटारात, गटारातून नाल्यात जाणारे पाणी रेंगाळत नाही. त्यामुळे पाणलोटाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतले पाणी पूर्वी जे एकामागून एक येत असे, ते आता एकाच वेळी तोंडाशी येते. प्रवाहाची पातळी काळानुसार कशी चढली-उतरली हे दाखवणारा आलेख काढला तर ग्रामीण ओढ्याचा आलेख गोलसर टेकडीसारखा दिसतो. त्याच ओढ्याच्या काठी शहर वसले की त्याचा सुळका होतो.

अभियंते हा हिशेब एका गुणांकाने करतात. पडलेल्या पाण्यापैकी जेवढा हिस्सा धावतो, तो अपधाव गुणांक. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर तासाला ३६ मिलिमीटर या वेगाने पाऊस पडत असेल आणि सगळे पाणी वाहत असेल, तर तोंडाशी दर सेकंदाला १० घनमीटर पाणी येते. गुणांक ०.३ असेल तर ३ घनमीटर, ०.९ असेल तर ९ घनमीटर. पाऊस तोच, ओढा तोच, पाणी तिप्पट.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि ०.५ गुणांक धरून आखल्या होत्या. म्हणजे अर्धे पाणी मुरेल असा भरवसा त्यात होता. पुढच्या सुधारणा आराखड्यात ५० मिलिमीटर आणि १ हा गुणांक धरला गेला. त्या 'एक'चा अर्थ असा की आता या नगरीत एक थेंबही मुरणार नाही, असे नियोजनकर्त्यांनी गृहीत धरले. एखाद्या शहराचे सबंध चरित्र एका अंकात यावे, याचे इतके स्पष्ट उदाहरण माझ्या वाचनात दुसरे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा दोन्ही हिशेब वाहून गेले, ही गोष्ट निराळी.

येथे थोडे आत्मकथन करणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी मी माझ्या घरापुढच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. चिखल नको, गवत नको, दुचाकी लावायला सोय हवी, एवढाच विचार होता. पहिल्याच वळिवाला अंगणातले सगळे पाणी बोळातून शेजारच्यांच्या पडवीत गेले. शेजारी वयाने मोठे. ते रागावले नाहीत. "सर, तुमचं पाणी आमच्याकडं आलंय," एवढेच म्हणाले. 'तुमचं पाणी' हा त्यांचा शब्दप्रयोग मला पुरेसा होता. पाऊस कोणाच्या मालकीचा नसतो, पण अपधावाला मालक असतो. पुढे मी ब्लॉकच्या एका कडेला शोषखड्डा घेतला. साध्या सरीला तो पुरतो, मोठ्या पावसाला पुरत नाही.

४.४ ओढा, नाला, गटार

शहर वाढते तेव्हा जमिनीबरोबर शब्दही बदलतात. गावाच्या शिवेतून वाहणाऱ्या प्रवाहाला आपण ओढा म्हणतो. ओढ्याला काठ असतात, काठावर करंज-उंबर असतात, बायका धुणे नेतात. वस्ती वाढली, सांडपाणी त्यात सोडले की त्याच ओढ्याला लोक नाला म्हणू लागतात. दोन्ही बाजूंनी भिंती बांधून तो अरुंद केला, वर स्लॅब टाकला की तो गटार होतो. शब्दाची प्रतिष्ठा जसजशी उतरते तसतशी प्रवाहाची रुंदीही उतरते. ओढ्याच्या पात्रात घर बांधायला माणूस कचरतो. गटारावर टपरी टाकायला कोणी कचरत नाही. अर्थविज्ञानात शब्दाच्या अर्थाला हीनत्व येण्याची प्रक्रिया आपण शिकता. येथे ती प्रक्रिया थेट नकाशावर उतरलेली दिसते.

कोल्हापूर शहरातून जे दोन मोठे नाले वाहतात त्यांची नावे जयंती आणि गोमती अशी आहेत. ही नावे नाल्याला कोणी देत नसते. मुंबईतील मिठीही बहुसंख्य मुंबईकरांच्या लेखी नालाच होती. ती नदी आहे हे २००५ च्या जुलैत एका दिवसात कळले. पुण्यातील आंबिल ओढ्याने आपले 'ओढा' हे नाव तरी टिकवले होते. परंतु त्याचे काठ टिकले नव्हते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री दक्षिण पुण्यात झालेल्या जोरदार पावसात हा ओढा वस्त्यांतून धावला. त्या रात्रीच्या पावसाने पुणे शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसांचा बळी घेतला. संरक्षक भिंती कोसळल्या, मोटारी एकमेकींवर चढल्या. कोणत्याही मोठ्या नदीचा तो पूर नव्हता.

तळ्यांचीही हीच कथा. कोल्हापूर हे तळ्यांचे शहर होते. रंकाळा, कोटितीर्थ आणि कळंबा आज शिल्लक आहेत. पेटाळा आता मैदान आहे, सिद्धाळा बाग आहे, कपिलतीर्थावर मंडई भरते, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम आहे आणि वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान. रंकाळा, पेटाळा, खंबाळा, सिद्धाळा, पद्माळा या नावांचा शेवट एकसारखा आहे. त्या शेवटात 'तळे' हा शब्द झिजून राहिला असावा असा माझा तर्क आहे. दोन स्वरांमधले व्यंजन लोपणे ही प्राकृतातून मराठीत येतानाची नित्याची घटना आहे. या व्युत्पत्तीबद्दल मतभेद होऊ शकतो, परंतु स्थळनामे पाण्याची आठवण जपून ठेवतात याबद्दल होणार नाही. गांधी मैदानावर दर पावसाळ्यात पाणी साचते आणि दर पावसाळ्यात त्याची बातमी होते. पाणी आपल्या जुन्या पत्त्यावर आलेले असते.

तळे हे पाणलोटातले विसाव्याचे ठिकाण होय. ओढ्याचा सुळका तळ्यात उतरला की त्याची टेकडी होते. तळी बुजवली आणि मधल्या मोकळ्या जमिनी फरसबंद केल्या, म्हणजे पाण्याने थांबायचे कोठे, हा प्रश्न उरतो.

४.५ शहराचा पूर आणि नदीचा पूर

आता आपण मघाच्या अर्ध्या सत्याकडे येऊ. आतापर्यंत जे विवेचन केले ते लहान पाणलोटाला चोख लागू पडते. आंबिल ओढा, जयंती, मिठी यांच्या पाणलोटाचा फार मोठा हिस्सा शहराने व्यापलेला आहे. तेथे फरसबंदी वाढली की पूर वाढतो, यात शंका नाही. पंचगंगेचे तसे नाही. तिचे पाणलोट घाटमाथ्यापासून सुरू होते. गगनबावड्याकडे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात सुमारे एक हजार. एवढ्या अंतरावर एवढा फरक! पाणी बहुतांशी घाटाकडून येते आणि त्या पाणलोटात जंगल, भाताची खाचरे व उसाचे मळे यांचा वाटा मोठा आहे. शहरांचे व वाढत्या गावांचे सिमेंट त्या मानाने थोडे.

दुसरी गोष्ट मातीची. मुरण्यालाही मर्यादा असते. चार-सहा दिवस सलग झोड लागली की शेतजमीन गच्च भरते. आपल्याकडे 'जमिनीला वाफसा नाही' असे म्हणतात, ती अवस्था. त्यानंतर पडणारा पाऊस शेतावरूनही जवळपास सडकेवरून जावा तसाच वाहून जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस झाला, धरणांतूनही पाणी सोडावे लागले. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. अशा वेळी शहरातल्या अंगणांनी आपले पाणी मुरवले असते तरी राजाराम बंधाऱ्यावरच्या पातळीत मोठा फरक पडला असता, असे म्हणणे धाडसाचे होईल.

ब्रिटिश संशोधक जी. ई. हॉलिस यांनी १९७५ मध्ये निरनिराळ्या ठिकाणच्या अभ्यासांची एकत्र मांडणी केली होती. नागरीकरणाने लहान, वारंवार येणारे पूर दहापटीपर्यंत वाढू शकतात. परंतु शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर दुप्पट व्हायला पाणलोटाचा सुमारे ३० टक्के भाग फरसबंद व्हावा लागतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पूर जितका मोठा आणि विरळ, तितका फरसबंदीचा वाटा कमी. दुप्पट म्हणजे थोडके नव्हे, हेही खरे. पण एवढी फरसबंदी ओढ्याच्या पाणलोटात होते, घाटापासून पसरलेल्या पाणलोटात नाही.

चीनने गेल्या दशकात शहरांनी स्पंजासारखे पाणी शोषावे अशी योजना अनेक नगरांत राबवली. त्यांपैकी झेंगझोऊ या शहरात २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि भुयारी रेल्वेतदेखील माणसे बुडाली. त्याच आठवड्यात इकडे पंचगंगा ५६ फुटांकडे चढत होती. स्पंज वाईट नव्हता. तो भरला होता.

मग नदीच्या महापुरात शहराचा दोष नाही काय? आहे, पण तो निराळ्या जातीचा आहे. ओढ्याच्या पुरात शहर पाणी वाढवते. नदीच्या पुरात शहर पाण्याची जागा घटवते. हा भेद या घटकाचा गाभा आहे.

४.६ पात्र, पूररेषा आणि फुगवटा

'पात्र' म्हणजे भांडे आणि 'पात्र' म्हणजे नदीचा वाहण्याचा मार्ग. मराठीने एकाच शब्दात केवढा विचार साठवला आहे! भांड्याला माप असते. नदीचे भांडे मात्र दोन मजली असते. रोजचे पात्र अरुंद आणि खोल. त्याच्या दोन्ही अंगांना पसरट सखल जमीन, तिला पूरमैदान म्हणतात. दहा-वीस वर्षांतून एकदा लागते म्हणून ती जमीन नदीची नाही, असे होत नाही. आपल्या घरातले मोठे पातेले लग्नकार्यालाच निघते, म्हणून ते कोणी मोडीत घालत नाही.

महाराष्ट्रात या वरच्या मजल्यावर दोन रेषा आखतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जेथवर पोहोचते ती निळी पूररेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती तांबडी. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटी असतात. 'पंचवीस वर्षांतून एकदा' या शब्दयोजनेने मात्र मोठा घोटाळा केला आहे. ऐकणाऱ्याला वाटते, एकदा येऊन गेला, आता पंचवीस वर्षे चिंता नाही. खरा अर्थ एवढाच की कोणत्याही वर्षी तो येण्याची शक्यता ४ टक्के आहे. अशा जागी घर बांधून पंचवीस वर्षे राहिलात तर निदान एकदा पाणी घरात येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. तांबड्या रेषेवरच्या घरात तीस वर्षे काढली तर २६ टक्के. घर घेणाऱ्याला हे दोन आकडे सांगितले, तर 'शंभर वर्षांतून एकदा'पेक्षा ते लवकर समजतील असे मला वाटते.

पूरमैदानात भराव टाकला, त्यावर घरे, मंगल कार्यालये, दुकाने उभी राहिली की तेवढ्या घनफळाचे पाणी दुसरीकडे सरते. ते सहसा वरच्या अंगाला किंवा समोरच्या काठाला चढते. नदी आडवी ओलांडणाऱ्या उंच रस्त्याच्या भरावाला पुरेशा मोऱ्या नसतील तर तो अर्धवट धरणासारखे काम करतो. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही गावे नद्यांच्या संगमालगत, शहराच्या वरच्या अंगाला आहेत. तेथील लोकांना महापुरात माणसे-जनावरे घेऊन बाहेर पडावे लागते. त्यांनी एक इंचही फरसबंदी केलेली नसली तरी दुसऱ्याने घटवलेल्या जागेचे पाणी त्यांच्या गोठ्यात येऊ शकते. शेजारच्या पडवीची गोष्ट येथे नदीच्या मापाने घडते.

शहरालाही याचा भोग चुकत नाही. पंचगंगा चढली की जयंतीचे पाणी नदीत शिरू शकत नाही. उलट नदीचेच पाणी नाल्यातून मागे सरकते. याला फुगवटा म्हणतात. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, दुधाळी या भागांत महापुराच्या वेळी पाणी येते ते बरेचसे या वाटेने. त्याच वेळी शहरातही पाऊस कोसळत असेल, तर वरून धावणारे पाणी आणि खालून फुगणारे पाणी यांची गाठ भर वस्तीत पडते. ओढ्याचा पूर आणि नदीचा पूर हा मघाचा भेद येथे पुसला जातो, आणि फरसबंदीचे पाप महापुरातही मोजावे लागते. पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी ही टेकडी कोल्हापूरच्या अतिप्राचीन वस्तीची जागा. १९४५-४६ मध्ये तेथे उत्खनन झाले. जुन्या माणसांनी नदीजवळ पण उंचवट्यावर घरे केली. सखल जागा त्यांनी मळ्यांना सोडल्या होत्या. रमणमळा, सुतारमळा ही नावे आज वस्त्यांची आहेत. दोन्ही नावांतला 'मळा' वाचून घ्यावा.

२०१९ नंतर राज्य शासनाने निवृत्त जलसंपदा सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० मध्ये आलेल्या तिच्या अहवालात अतिवृष्टीबरोबरच पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे लक्ष वेधले होते आणि महापुराचे खापर अलमट्टी धरणावर फोडता येत नाही, असे म्हटले होते. या निष्कर्षावर जिल्ह्यात आजही वाद चालू आहे. वाद चालणे योग्यच. परंतु दूरच्या धरणाबद्दल जितक्या आवेशाने बोलले जाते, तितक्या आवेशाने गावालगतच्या भरावाबद्दल बोललेले मी ऐकलेले नाही. भराव टाकणारा ओळखीचा असतो, हे त्याचे कारण असावे.

४.७ पुराच्या बातमीची भाषा

'पाणी घरात शिरले', 'नदीने पात्र सोडले', 'पुराने थैमान घातले', 'निसर्ग कोपला'. ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. त्यांतला कर्ता पाहा : पाणी, नदी, पूर, निसर्ग. 'शिरणे' हे क्रियापद आपण चोराबद्दल वापरतो, परक्या जागेत न विचारता जाणाऱ्याबद्दल. घर निळ्या रेषेच्या आत असेल तर कोण कोणाकडे शिरले, हा प्रश्न त्या वाक्यातून गळून पडतो. मराठीत 'घर पात्रात बांधले गेले' असे कर्मणी वाक्य करता येते. त्यातही बांधणारा, परवानगी देणारा, विकणारा लपतोच. कर्ता उघड करणारे वाक्य बातमीत क्वचित येते.

'ढगफुटी' या शब्दाचे असेच झाले आहे. हवामानशास्त्रात लहानशा क्षेत्रावर एका तासात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर ढगफुटी म्हणतात. आपल्याकडे चाळीस मिलिमीटरला बाजारपेठेत गुडघाभर पाणी झाले की 'ढगफुटीसदृश पाऊस' हा मथळा तयार असतो. 'सदृश' हा संस्कृत शब्द येथे फार मोठे ओझे वाहतो. पाऊस असामान्य ठरवला की गटाराची रुंदी कोणी विचारत नाही.

याउलट, लोकांच्या बोलीत निरीक्षणाचा नेमकेपणा टिकून आहे. 'पाणी चढतंय', 'पाणी ठरलंय', 'पाणी उतरणीला लागलंय' असे म्हणणारा माणूस आलेखाची चढती बाजू, माथा आणि उतरती बाजू सांगत असतो. 'तुंब' आणि 'लोंढा' यांत तो गफलत करत नाही : तुंबलेले पाणी निचरा नसल्यामुळे असते, लोंढा वेगाने येतो. पहिल्याला मोरी मोठी करावी लागते, दुसऱ्याला वरच्या अंगाला जागा द्यावी लागते. नृसिंहवाडीला दत्तमंदिरात पाणी वाढून पादुकांवरून वाहते तेव्हा 'दक्षिणद्वार सोहळा' होतो. पाण्याने वरच्या मजल्यावर येणे ज्या समाजाने सोहळा म्हणून स्वीकारले, त्याने पाण्यासाठी वरचा मजला मोकळाही ठेवला होता.

४.८ स्वाध्याय

१. 'ओढ्याच्या पुरात शहर पाणी वाढवते, नदीच्या पुरात शहर पाण्याची जागा घटवते' या विधानाचे आपल्या परिसरातील उदाहरणे देऊन स्पष्टीकरण करा. दोन्ही एकत्र येतात असे एखादे ठिकाण आढळल्यास त्याचे वर्णन करा.

२. आपल्या गावातील वा प्रभागातील सत्तरीच्या पुढच्या दोन व्यक्तींना भेटा. बुजलेले ओढे, तळी, आड, मळे यांची नावे त्यांच्याकडून लिहून घ्या. त्या जागी आज काय आहे आणि पावसाळ्यात तेथे पाणी साचते का, हे प्रत्यक्ष पाहून नोंदवा.

३. पुराची एखादी बातमी निवडून त्यातील प्रत्येक वाक्याचा कर्ता अधोरेखित करा. ज्या वाक्यांत मानवी कर्ता वगळला गेला आहे ती वाक्ये कर्त्यासह पुन्हा लिहा. पुनर्लेखन करताना जी माहिती बातमीत सापडत नाही, तिची स्वतंत्र यादी करा.

४. आपल्या घराचे छप्पर आणि फरसबंद अंगण यांचे क्षेत्रफळ चौरस फुटांत मोजा. एका गुंठ्याला ५,००० लिटर या हिशेबाने ५० मिलिमीटर पावसात त्यावरून किती पाणी वाहील ते काढा. ते पाणी कोणाच्या दारातून जाते, तेथपर्यंत चालत जाऊन पाहा आणि त्या वाटेचे वर्णन दोनशे शब्दांत करा.